डिश तीच, उपग्रह नवा : इन्सॅट-४बीच्या निवृत्तीची गोष्ट

तुमच्या घराच्या गच्चीवर किंवा बाल्कनीच्या कठड्याला डिश अँटेना असेल, तर एकदा तिच्याकडे नीट बघा. बसवणारा माणूस आला, त्याने मीटर लावून ती इकडेतिकडे थोडी हलवली, बोल्ट आवळले आणि तो गेला. त्यानंतर कित्येक वर्षं ती डिश आकाशातल्या एकाच ठिकाणाकडे बघत उभी आहे. पाऊस आला, माकडं आली, शेजाऱ्यांचे पतंग अडकले, पण तिची दिशा बदलली नाही.

ती डिश डीडी फ्री डिशची असेल, तर ती पूर्व रेखांश ९३.५ अंशांवरच्या जागेकडे बघते आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या अनेक मराठी घरांत ‘सह्याद्री’ वाहिनी याच वाटेने पोहोचली. इंदूर असो, हैदराबाद असो, बेळगाव असो किंवा बडोदा, केबलवाल्याच्या यादीत मराठी वाहिनी असो वा नसो, डिश लावली की ‘सह्याद्री’च्या बातम्या लागायच्या.

२४ जानेवारी २०२२ रोजी याच ९३.५ अंशांवर जवळजवळ पंधरा वर्षं काम केलेला एक उपग्रह अधिकृतपणे निवृत्त झाला. त्याचं नाव इन्सॅट-४बी. तो गेला त्या दिवशी आपल्या घरातला टीव्ही एक मिनिटभरही बंद पडला नाही, म्हणून आपल्याला कळलंही नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी जुनी यंत्रणा वापरणाऱ्याला कळूही न देता बंद करणं किती अवघड असतं, हे आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. म्हणूनच या उपग्रहाची गोष्ट मला सांगावीशी वाटली.

जागेवर थांबलेला, तरी पळणारा

आधी थोडं गणित. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह जितका उंचावर, तितकी त्याची फेरी मोठी आणि वेग कमी. तीन-चारशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो. उंची वाढवत नेली की एक अशी उंची येते, जिथे फेरीला बरोबर तेवढाच वेळ लागतो जेवढा पृथ्वीला स्वतःभोवती एकदा फिरायला लागतो, म्हणजे २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. ही उंची आहे विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर.

या उंचीवर, बरोबर विषुववृत्ताच्या वर, पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारा उपग्रह आपल्याला एका जागी टांगल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असतो. आपणही पृथ्वीबरोबर त्याच गतीने वळत असतो, एवढंच. चालत्या गाडीतल्या समोरच्या बाकावरचा माणूस आपल्याला बसलेलाच दिसतो ना, तसं. याला आपण भूस्थिर उपग्रह म्हणतो. दळणवळणासाठी ही कक्षा वापरता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात सविस्तर मांडली होती.

ही कक्षा म्हणजे एकच वर्तुळ आहे. त्याचा घेर सुमारे २ लाख ६५ हजार किलोमीटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण सगळ्या देशांचे टीव्हीचे, हवामानाचे, लष्करी दळणवळणाचे भूस्थिर उपग्रह याच एका वर्तुळात बसवायचे आहेत. शिवाय शेजारच्या उपग्रहांच्या लहरी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अंतर ठेवावं लागतं. त्यामुळे या वर्तुळातल्या जागा आंतरराष्ट्रीय पातळीवर नोंदवून, समन्वय साधून वापरल्या जातात. भारताकडे असलेल्या जागांपैकी ७४, ८३ आणि ९३.५ अंश पूर्व या जागा वर्षानुवर्षं इन्सॅट मालिकेच्या राहिल्या.

तीन टनांचा प्रवासी

इन्सॅट-४बी भारतीय वेळेनुसार १२ मार्च २००७ च्या पहाटे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने निघाला. त्याच्यासोबत ब्रिटनचा स्कायनेट-५ए हा लष्करी उपग्रह होता. निघताना आपल्या उपग्रहाचं वजन तीन टनांच्या थोडं वर होतं. त्या वेळी एवढं वजन या कक्षेच्या वाटेवर नेऊन सोडणारं रॉकेट आपल्याकडे तयार नव्हतं. आता आहे. २०१८ मध्ये जीसॅट-२९ हा सुमारे ३,४०० किलोंचा उपग्रह आपल्याच जीएसएलव्ही मार्क-३ ने श्रीहरिकोट्याहून नेला.

रॉकेट उपग्रहाला थेट ३५,७८६ किलोमीटरवर नेऊन ठेवत नाही. ते त्याला एका लांबट, अंडाकृती कक्षेत सोडून देतं. तिचं एक टोक पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर आणि दुसरं ३६ हजारांच्या आसपास असतं. तिथून पुढचा प्रवास उपग्रहाने स्वतःच्या इंजिनावर करायचा. कर्नाटकातल्या हासन इथल्या मुख्य नियंत्रण केंद्रातून आज्ञा जातात, इंजिन टप्प्याटप्प्याने चालवलं जातं आणि काही दिवसांत कक्षा गोल होते. मग सौरपंख उघडायचे, अँटेना उघडायच्या, ठरलेल्या जागेवर येऊन थांबायचं. हासनचं हे केंद्र १९८२ पासून काम करतं आहे, आणि २००५ पासून भोपाळलाही असंच दुसरं केंद्र आहे. म्हणजे आपल्या इंदूरकरांच्या शेजारीच.

निघतानाच्या तीन टनांतला निम्म्याहून जास्त भाग इंधनाचा होता, आणि त्यातलं बहुतेक इंधन या पहिल्या काही दिवसांतच खर्च झालं. उरलेल्या इंधनावर पुढचा सगळा संसार चालवायचा होता. वर पेट्रोल पंप नाही. ठरवलेलं आयुष्य होतं बारा वर्षांचं.

त्याच्यावर बारा केयू-बँड आणि बारा सी-बँड असे चोवीस ट्रान्सपाँडर होते. ट्रान्सपाँडर म्हणजे खालून आलेला संदेश घेऊन, त्याची वारंवारिता बदलून, ताकद वाढवून परत खाली पाठवणारं यंत्र. केयू-बँड म्हणजे घरगुती छोट्या डिशला चालणाऱ्या लहरी. दूरदर्शनची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये एका परदेशी उपग्रहावरून सुरू झाली होती. इन्सॅट-४बी आल्यावर ती त्याच्यावर आली.

तरंगणाऱ्या नावेला वल्ही का लागतात?

‘भूस्थिर’ या शब्दाने एक गैरसमज होतो, की एकदा जागेवर ठेवलं की झालं. तसं असतं तर इंधनाची गरजच पडली नसती.

उपग्रहाला तीन गोष्टी सतत ढकलत असतात. पहिली, चंद्र आणि सूर्य यांचं आकर्षण. त्यामुळे उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या पातळीपासून हळूहळू तिरकी होऊ लागते, वर्षाला पाऊण ते एक अंशाच्या दरम्यान. ती तिरकी झाली की जमिनीवरून बघताना उपग्रह दिवसभरात उत्तर-दक्षिण झोके घेऊ लागतो, आणि आपली घट्ट आवळलेली डिश त्याच्यामागे फिरू शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सूर्यप्रकाशाचा दाब. मोठमोठ्या सौरपंखांवर तो अगदी हलका, पण सतत पडतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मजेशीर वाटते. पृथ्वीचं विषुववृत्त अगदी अचूक वर्तुळ नाही, ते किंचित लंबवर्तुळाकार आहे. त्यामुळे भूस्थिर कक्षेत गुरुत्वाकर्षणाच्या दोन ‘खळग्या’ तयार होतात. कटोऱ्यात गोटी टाकली की ती तळाकडे घरंगळते, तसे सोडून दिलेले उपग्रह या दोन खळग्यांकडे घरंगळतात. एक खळगी पश्चिम रेखांश १०५ अंशांच्या आसपास आहे, अमेरिकेच्या बाजूला. आणि दुसरी? पूर्व रेखांश ७५ अंशांच्या आसपास. नकाशा काढून बघा. बेळगाव ७४.५ अंशांवर आहे, इंदूर जवळजवळ ७६ वर. म्हणजे ही खळगी आपल्याच रेखांशावर, थेट दक्षिणेला, हिंदी महासागराच्या वर आहे. ज्यांचं नियंत्रण सुटलं असे कितीतरी जुने उपग्रह तिथे घड्याळाच्या लंबकासारखे पूर्व-पश्चिम झुलत असतात. छोट्या झोक्याला सव्वादोन वर्षं लागतात.

इन्सॅट-४बी ९३.५ अंशांवर, म्हणजे या खळगीच्या पूर्वेला होता. त्यामुळे तो सतत पश्चिमेकडे, आपल्या बाजूला घसरू पाहायचा. त्याला परत जागेवर आणण्यासाठी काही दिवसांच्या अंतराने छोटी इंजिनं, म्हणजे थ्रस्टर, थोडा वेळ चालवावी लागतात. उपग्रहाने आपल्या जागेपासून साधारण दशांश एक अंश इकडे किंवा तिकडे, एवढ्याच चौकटीत राहायचं असतं. एवढ्या उंचीवर दशांश एक अंश म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर.

खर्चाचा हिशेब असा : पूर्व-पश्चिम जागा राखायला वर्षाला सेकंदाला फार तर दोन मीटर एवढा वेगबदल पुरतो. पण चंद्र-सूर्यामुळे येणारा तिरकेपणा काढायला वर्षाला सुमारे ५० मीटर प्रतिसेकंद लागतात. म्हणजे घरखर्चातला मोठा वाटा उत्तर-दक्षिण झोके थांबवण्यावर जातो. उपग्रहाचं आयुष्य आपण वर्षांत सांगतो, पण नियंत्रण केंद्रातली माणसं ते किलोंमध्ये मोजतात.

वय इतर ठिकाणीही दिसतं

इंधनाशिवायही बऱ्याच गोष्टी म्हाताऱ्या होतात. सौरपंखांवर किरणोत्सर्गाचा मारा होऊन ते वर्षागणिक थोडी कमी वीज देतात. बॅटरीही थकते. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास, सुमारे ४५ दिवस उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो. सर्वांत मोठी सावली ७२ मिनिटांची असते. त्या वेळात त्याला पूर्णपणे बॅटरीवर काम करावं लागतं. आपल्या इन्व्हर्टरला ठरलेल्या लोडशेडिंगमध्ये काम करावं लागतं तसंच. वर्षाला असे नव्वदेक दिवस, म्हणजे पंधरा वर्षांत हजाराहून जास्त वेळा बॅटरी खाली होऊन परत भरते. आपला मोबाइल तीन वर्षांत काय होतो ते आठवा.

याच मोसमाच्या जवळपास तुम्ही आणखी एक गोष्ट घरी बघितली असेल. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये आणि मग सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस, दिवसा ठरावीक वेळी चित्र काही मिनिटं फाटतं आणि आपोआप ठीक होतं. आपण सेट टॉप बॉक्सला दोन चापट्या मारतो. खरं कारण असं, की त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. बॉक्स निर्दोष आहे, त्याला मारू नका.

इन्सॅट-४बीचं आजारपण मात्र याहून गंभीर होतं. ७ जुलै २०१० रोजी त्याच्या दोन सौरपंखांपैकी एकाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला. उपलब्ध वीज अचानक घटली आणि चोवीसपैकी बारा ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. एका खासगी डीटीएच सेवेला आपले ग्राहक दुसऱ्या देशाच्या उपग्रहाकडे वळवावे लागले. दुसरा उपग्रह म्हणजे दुसरी दिशा, आणि दुसरी दिशा म्हणजे प्रत्येक घरी जाऊन डिश फिरवणं. एका उपग्रहातला एक बिघाड खाली किती घरांच्या गच्च्यांपर्यंत पोहोचतो, हे तेव्हा दिसलं.

आणि तरीही उपग्रह संपला नाही. अर्ध्या विजेवर जे चालेल ते चालवत तो पुढे साडेअकरा वर्षं जागेवर राहिला. वर जाऊन दुरुस्ती करणारा कोणी नव्हता. हासनमधून आज्ञा पाठवून, वीज वाटून, गरजेची यंत्रं निवडूनच हे सांभाळलं गेलं.

सिलिंडरमध्ये किती गॅस उरला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निवृत्त कधी व्हायचं? सोपं उत्तर : इंधन संपत आलं की. पण किती उरलंय हे कळणार कसं?

गाडीच्या टाकीत पेट्रोल तळाशी बसतं, म्हणून काटा दाखवू शकतो. अंतराळात वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या भिंतींना, कोपऱ्यांना चिकटून पसरतं. ‘पातळी’ अशी गोष्टच उरत नाही. म्हणून तीन आडवाटा वापरतात.

पहिली वाट वाण्याच्या वहीची. प्रत्येक वेळी थ्रस्टर किती सेकंद चालला, त्यात किती इंधन गेलं, याची नोंद ठेवायची आणि मूळ आकड्यातून वजा करत जायचं. पंधरा वर्षांत अशा असंख्य नोंदी होतात आणि प्रत्येकीतली बारीक चूक साठत जाते. म्हणजे जेव्हा अचूक आकड्याची सगळ्यात जास्त गरज असते, म्हणजे शेवटी, तेव्हाच वही सगळ्यात कमी भरवशाची असते.

दुसरी वाट दाबाची. टाकीत इंधन ढकलण्यासाठी हेलियम वायू भरलेला असतो. दाब आणि तापमान मोजून वायूने किती जागा व्यापली ते काढायचं. उरलेली जागा इंधनाची.

तिसरी वाट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. गॅस सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय हे बघायला आजी सिलिंडरवर ओलं फडकं फिरवायची, आठवतं? जिथपर्यंत आत द्रव असतो तिथलं पाणी उशिरा वाळतं आणि वरची रिकामी बाजू पटकन कोरडी होते. कारण द्रवाला तापायला वेळ लागतो. उपग्रहातही टाकी हीटरने थोडी गरम करतात आणि ती किती वेगाने तापते ते बघतात. लवकर तापली तर आत थोडंच उरलंय.

यात आणखी एक अडचण आहे. या उपग्रहांत दोन द्रवं असतात, एक इंधन आणि एक ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझर. दोन्ही एकत्र आले तरच ज्वलन होतं. पंगतीत पोळ्या संपल्या आणि भाजी उरली, तर उरलेल्या भाजीचा पंगतीला उपयोग नाही. इन्सॅट-३ई या उपग्रहाचं असंच झालं. २००३ मध्ये गेलेल्या या उपग्रहाचा ऑक्सिडायझर २०१४ मध्ये संपला आणि ठरलेली पंधरा वर्षं पूर्ण होण्याआधीच त्याला थांबावं लागलं.

त्यामुळे निवृत्तीचा निर्णय नेहमी थोड्या अंधारात घ्यावा लागतो. लवकर घेतला तर चालू स्थितीतला, कमावता उपग्रह वाया घालवल्यासारखं होतं. उशिरा घेतला आणि इंधन मध्येच संपलं, तर उपग्रह तिथेच अडकतो आणि मग कायमचा अडकतो.

शेवटची अकरा पावलं

‘कायमचा’ हा शब्द मी जपून वापरलेला नाही, तो खरा आहे. खालच्या कक्षांतल्या उपग्रहांना विरळ हवेचा घर्षण-अडथळा होतो, ते हळूहळू खाली येतात आणि जळून जातात. ३५,७८६ किलोमीटरवर असा कोणी झाडूवाला नाही. तिथे टाकलेली वस्तू माणसाच्या हिशेबात कायम तिथेच. मग ती त्या एकमेव वर्तुळात भटकत राहते, आणि चालू उपग्रहांना तिला चुकवत आयुष्य काढावं लागतं.

म्हणून आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे, की निवृत्त होणाऱ्या भूस्थिर उपग्रहाने शेवटचं इंधन वापरून स्वतःला वर न्यावं. कक्षेच्या वर-खाली २०० किलोमीटरचा पट्टा संरक्षित मानला जातो. चंद्र-सूर्याच्या ओढीसाठी आणखी ३५ किलोमीटर धरायचे, म्हणजे झाले २३५. त्यावर सूर्यप्रकाशाच्या दाबासाठी उपग्रहाच्या आकार आणि वजनाप्रमाणे आणखी थोडी भर. इन्सॅट-४बीसाठी हा आकडा आला सुमारे २७३ किलोमीटर. म्हणजे किमान एवढं वर जाणं बंधनकारक नसलं तरी अपेक्षित होतं. या वरच्या पट्ट्याला इंग्रजीत ग्रेव्हयार्ड ऑर्बिट, म्हणजे स्मशानकक्षा म्हणतात.

आधी त्याची सी-बँड आणि केयू-बँड कामं इतर उपग्रहांवर हलवण्यात आली. मग १७ ते २३ जानेवारी २०२२ या आठवड्यात अकरा वेळा इंजिनं चालवून त्याला टप्प्याटप्प्याने वर नेण्यात आलं. शेवटी तो मूळ कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर पोहोचला, हव्या त्यापेक्षा जास्तच. २४ जानेवारीला तो अधिकृतपणे बंद झाला. अशा रीतीने नियमाप्रमाणे बाजूला झालेला तो भारताचा एकविसावा भूस्थिर उपग्रह होता.

मी कागदावर हिशेब करून बघितला. ३४० किलोमीटर वर जायला साधारण १२ मीटर प्रतिसेकंद वेगबदल लागतो. वर्षाचा घरखर्च ५० मीटर प्रतिसेकंद धरला, तर हे इंधन म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचं काम. म्हणजे जागा मोकळी करून देण्यासाठी प्रत्येक उपग्रहाने आपल्या आयुष्याचे तीन महिने बाजूला ठेवायचे. व्यापारी कंपनीच्या दृष्टीने हे तीन महिन्यांचं उत्पन्न आहे, आणि ते सोडण्याचा मोह होत नसेल असं नाही.

जे वेळेवर निघू शकले नाहीत

सगळ्यांच्या नशिबी असा निरोप नसतो. आपला पहिला इन्सॅट, इन्सॅट-१ए, १० एप्रिल १९८२ ला गेला आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला इंधन संपल्यामुळे सोडून द्यावा लागला. सात वर्षांसाठी बनवलेला उपग्रह पाच महिन्यांत संपला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर अवकाशयानातून गेलेल्या इन्सॅट-१बी ने मात्र सगळी भरपाई केली. त्याचाही सौरपंख सुरुवातीला अडकला होता. तो उघडला, आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शन गावोगावी पोहोचलं ते त्याच्या जोरावर. आपल्या आई-बाबांच्या पिढीने रामायण-महाभारत बघितलं, तेव्हा वर तो होता.

आमच्या क्षेत्रातल्यांना आवडेल असा एक किस्सा अमेरिकेचा आहे. गॅलेक्सी-१५ या उपग्रहाने ५ एप्रिल २०१० रोजी जमिनीवरून येणाऱ्या आज्ञा ऐकणं बंद केलं. पण त्याचे ट्रान्सपाँडर चालूच होते. तो आपल्या जागेवरून घसरत, शेजाऱ्यांचे संदेश उचलून परत खाली फेकत, महिनोन् महिने भटकत राहिला. वाटेतल्या उपग्रहांना काळजीपूर्वक सांभाळून घ्यावं लागलं. बातम्यांत त्याचं नाव पडलं ‘झॉम्बीसॅट’. शेवटी डिसेंबरमध्ये त्याची दिशा बिघडून सौरपंख सूर्यापासून वळले, बॅटरी पूर्ण उतरली, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि तो पुन्हा आज्ञा ऐकू लागला. थोडक्यात, बंद करून चालू केल्यावर ठीक झाला! हसू येतं, पण त्या आठ महिन्यांत शेजारच्या उपग्रहांच्या लोकांची झोप उडाली असणार.

जागा रिकामी राहू नये म्हणून

आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर. उपग्रह गेला, तरी आपली डिश का हलवावी लागली नाही?

कारण वारसदार आधीच येऊन बसला होता. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी जीसॅट-१५ हा उपग्रह, पुन्हा कुरूहूनच, एरियन-५ ने निघाला आणि त्याच ९३.५ अंशांवर येऊन राहिला. त्यावर २४ केयू-बँड ट्रान्सपाँडर आहेत. एकाच जागेवर दोन-तीन उपग्रह कसे राहतील, असं वाटेल. पण दीडशे किलोमीटर रुंदीच्या चौकटीत काटेकोर नियंत्रणाने ते एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवता येतात. गच्चीवरच्या छोट्या डिशची नजर एवढी बारीक नसते, तिला ते सगळे एकच ठिपका वाटतात. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ वर गेल्या तेव्हाही डिश तीच, बोल्ट तेच.

इन्सॅट-४बी निवृत्त झाला, त्याच्या सहा वर्षं आधीच त्याचा उत्तराधिकारी कामाला लागलेला होता. थोरला असतानाच धाकट्याने दुकान सांभाळायला शिकावं, तसं. याउलट इन्सॅट-१ए नंतर सुमारे वर्षभर देशाकडे चालू इन्सॅट नव्हता, हे आठवलं की या नियोजनाची किंमत कळते.

आता एक नवी शक्यताही पुढे आली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या एमईव्ही-१ या यानाने स्मशानकक्षेत गेलेल्या इंटेलसॅट-९०१ या १९ वर्षं जुन्या उपग्रहाला जाऊन पकडलं, त्याला परत खाली कामाच्या जागी आणलं आणि स्वतःच्या इंधनावर पाच वर्षं सांभाळलं. २०२५ मध्ये त्याला पुन्हा वर स्मशानकक्षेत सोडून ते यान पुढच्या कामाला लागलं. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोनेही स्पेडेक्स मोहिमेत दोन छोटी यानं पृथ्वीजवळच्या कक्षेत एकमेकांना जोडून दाखवली. तिथून ३६ हजार किलोमीटरवरच्या म्हाताऱ्याला हात देण्यापर्यंतचा पल्ला मोठा आहे, पण जोडता येणं ही त्याची पहिली पायरी आहे. तुमच्यापैकी जे आता अकरावी-बारावीला आहेत, त्यांच्यासाठी हे काम वाट बघतं आहे.

तुमच्या गच्चीवरून

शेवटी एक उद्योग सांगतो. मोबाइलमधलं होकायंत्र उघडा, गच्चीवर जा आणि आग्नेयेकडे बघा. ९३.५ अंशांची जागा ग्वाल्हेरहून क्षितिजाच्या सुमारे ५५ अंश वर आहे, इंदूरहून ५७, पणजीहून ६१ आणि हैदराबादहून ६३. डोळ्यांना काही दिसणार नाही. डिशही तितकी वर बघताना वाटणार नाही, कारण घरगुती डिशचा आकार तिरपा कापलेला असतो आणि ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. एवढं कोडं घरातल्या लहान मुलांना घालून बघा, अर्धा तास छान जातो.

आणि इन्सॅट-४बी आता कुठे आहे? ३४० किलोमीटर वर असल्याने त्याची फेरी पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा थोडी हळू झाली आहे. त्यामुळे तो आता एका जागी थांबत नाही. रोज चार अंशांहून थोडा जास्त पश्चिमेकडे सरकतो आणि तीन महिन्यांच्या आत पृथ्वीच्या सगळ्या रेखांशांवरून एक चक्कर पूर्ण करतो. दिवे बंद, रेडिओ बंद. दर काही आठवड्यांनी तो आपल्या जुन्या जागेच्या वरून जातो. खाली जीसॅट-१५ काम करत असतो, आणि त्याच्याही टाकीतलं इंधन किलो-किलोने कमी होत असतं. त्याची निवृत्ती आली की आपल्याला ती कळू नये, एवढीच अपेक्षा. कळली नाही, तर समजायचं की हासनच्या लोकांनी काम चोख केलं.